मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील शंका आणि समाधान : एक परीक्षण

१

ख्रिस्ती धर्मासंबंधी मराठी वाचकाच्या मनात उभ्या राहणाऱ्या अवघड शंका आणि त्यांना वेळोवेळी मिळालेली उत्तरे यांचे एक स्वतंत्र वाङ्मय मराठीत आहे. वाङ्मयेतिहासात त्याची नोंद बहुधा दोन कारणांसाठी घेतली जाते : अर्वाचीन गद्याच्या घडणीत त्याचा वाटा आहे म्हणून, किंवा धर्मांतराच्या चळवळीचा तो पुरावा आहे म्हणून. ज्या हेतूने ते लिहिले गेले तो हेतू मात्र या चर्चेत मागे पडतो. शंका असलेल्या माणसाला या ग्रंथांचा उपयोग होतो काय, आणि होत असल्यास त्यांपैकी कोणत्या ग्रंथांचा, हा प्रश्न वाङ्मयीन मूल्यमापनाच्या बाहेरचा नाही. किंबहुना वादग्रंथाचे यशापयश त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते.

या परीक्षणासाठी वाचकाची जागा आधी निश्चित करणे इष्ट आहे. मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ आणि मलकापूर यांच्या दरम्यान, खानदेश जेथे संपतो व वऱ्हाड जेथे सुरू होते त्या सीमेवर, बोदवड हे गाव आहे. मुंबई, पुणे, अहमदनगर ही या वाङ्मयाची मुख्य केंद्रे. त्यांपासून बोदवड दूर आहे, आणि तेथील घरची बोलीही या ग्रंथांच्या संस्कृतप्रचुर मराठीपासून तितकीच दूर आहे. अशा गावचा एखादा चिकित्सक विद्यार्थी, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, काही प्रश्न घेऊन ग्रंथालयात आला असे समजावे. निरपराध बालकाला दुःख का भोगावे लागते? ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नावही गेले नाही त्यांची गती काय? एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते? धर्म बदलला तरी जात का सुटत नाही? या विद्यार्थ्याच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

याचा निर्णय करण्यासाठी मोजमाप बाहेरून आणण्याची गरज नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद, विजयासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. शास्त्रग्रंथांच्या रचनेत उत्तरपक्षाच्या आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो जितका बलवान मांडला जाईल तितका सिद्धान्त भक्कम ठरतो. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणारा ग्रंथकार आपल्याच उत्तराची किंमत कमी करीत असतो. मराठी ख्रिस्ती शंकासमाधानाच्या वाङ्मयाला हीच कसोटी लावली असता असे दिसून येते, की त्यातील टिकाऊ ग्रंथ उत्तर ठासून देणारे नव्हेत. ज्यांनी प्रश्न त्याच्या मूळ बळानिशी राखला, तेच ग्रंथ आजच्या वाचकाच्या उपयोगी पडतात.

२

या वाङ्मयाचा प्रारंभ प्रश्नोत्तरानेच झाला, परंतु तो बरोबरीच्या वादाने झाला नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकातील रायतूर येथे छापले गेले. त्यात धर्मकथा सांगणारा पाद्री आणि मधूनमधून शंका विचारणारे श्रोते अशी पुराणकथनाची परिचित चौकट आहे. त्यांच्याच ‘दौत्रिन क्रिस्तां’ या १६२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोंकणी पुस्तकात गुरुशिष्यांची प्रश्नोत्तरे आहेत. या दोन्ही ठिकाणी प्रश्नकर्ता शिष्य आहे. त्याची शंका कथेला पुढे नेण्यापुरती असते, आणि गुरूचे उत्तर ऐकून तो संतुष्ट होतो. राज्यसत्ता ज्या धर्माच्या पाठीशी उभी होती त्या धर्माच्या शाळेत याहून वेगळा प्रश्नकर्ता अवतरणे कठीण होते. ओवीची प्रासादिकता आणि मराठी भाषेवरील प्रेम या गुणांनी ‘क्रिस्तपुराण’ अमर झाले आहे. तथापि शंकासमाधानाचा ग्रंथ म्हणून त्याकडे पाहता, त्यातील पूर्वपक्ष हा मुळातच विनीत आहे हे नमूद करावे लागते.

३

खरा प्रतिपक्षी समोर आला तो एकोणिसाव्या शतकात. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये त्यांचा मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वाद झाला आणि मोरभटांनी आपली बाजू ‘हिंदुधर्मस्थापना’ या पुस्तिकेत मांडली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीत सविस्तर उत्तर दिले. पुढे साताऱ्याच्या नारायणरावांच्या लेखनाला उत्तर म्हणून त्यांचा दुसरा ग्रंथ १८३४ मध्ये निघाला. या ग्रंथांची भाषा आज कठोर वाटते, आणि हिंदू देवदेवतांविषयी त्यांत जे लिहिले आहे त्यातील बराच भाग वादापेक्षा जल्पाच्या सदरात पडेल. परंतु १८३२ च्या ग्रंथातील एक गोष्ट विल्सन यांच्या श्रेयास जमा केली पाहिजे. आपल्या उत्तराच्या आधी त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचे भाषांतर छापले. प्रतिपक्ष्याचे म्हणणे सारांशरूपाने न देता ते वाचकापुढे अगोदर ठेवावे, ही पूर्वपक्षाची मर्यादा त्यांनी पाळली. त्यामुळे हा ग्रंथ आज उघडणाऱ्याला दोन माणसांचा वाद वाचावयास मिळतो. एकट्याचे प्रवचन नव्हे.

मोरभट एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांचे ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक १८४४ मध्ये सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनचा ‘ज्ञानोदय’ अहमदनगरास निघाला होता, आणि पुढे १८५२ मध्ये पुण्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘विचारलहरी’ त्याला उत्तर देण्यासाठी उभे राहिले. या नियतकालिकांचे महत्त्व असे, की शंका आणि उत्तर ही दोन पुस्तकांत कायमची विभागून न राहता अंकामागून अंक एकमेकांवर येऊन आदळू लागली. मराठी गद्याला युक्तिवादाची सवय लागली ती बव्हंशी येथेच.

या पर्वाचा कळस म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५-१८७१) यांचे समुद्रकिनाऱ्यावरील वाद. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या किनाऱ्यावर ते पाद्र्यांशी जाहीरपणे वाद करीत. देव सर्वसमर्थ असता पापक्षमेसाठी त्याला बलिदानाची गरज का पडावी, निराकार देवाला पुत्र कसा, एकाच ग्रंथातील परस्परविरोधी वचनांची वाट काय, अशा तऱ्हेचे प्रश्न त्या काळच्या वादांत फिरून फिरून येतात. हे वाद मराठीत झाले, परंतु त्यांचा वृत्तांत प्रथम जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठी पुस्तक त्यानंतर कित्येक वर्षांनी, १८७२ मध्ये आले. येथे अभ्यासकाने सावध राहणे अगत्याचे आहे. वादाचा वृत्तांत ज्या पक्षाचा असेल त्या पक्षाची उत्तरे त्यात अधिक नीटनेटकी दिसतात, आणि प्रश्न मात्र काहीसे अर्धवट राहतात. म्हणून बुवांचा पक्ष जाणावयाचा तर किनाऱ्यावरील वृत्तांतासोबत त्यांचा ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ (१८५९) वाचलाच पाहिजे. एका बाजूच्या वृत्तांतावरून दुसऱ्या बाजूची योग्यता ठरविण्याचा दोष या विषयाच्या अभ्यासात सहज घडतो, आणि तो दोन्हीकडून घडतो.

जाहीर वादाची एक स्वाभाविक मर्यादाही येथे दिसते. जमावापुढे ‘हा प्रश्न मलाही सुटलेला नाही’ असे म्हणण्याची मुभा कोणत्याच पक्षाला नसते. शंका ही तेथे शस्त्र होते. ज्याच्या मनात ती खरोखर सलत असते, असा मनुष्य त्या जमावात कोठेतरी मागे उभा असतो आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

४

असा मागे उभा असलेला मनुष्य स्वतः लिहू लागला म्हणजे काय होते, हे नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५-१८९५) यांच्या ग्रंथांवरून कळते. या संपूर्ण वाङ्मयात त्यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. कारण एकाच माणसाने ख्रिस्ती धर्मावरील अत्यंत समर्थ आक्षेपही लिहिले आणि त्याच धर्माच्या बाजूने उत्तरेही लिहिली.

गोऱ्हे हे चित्पावन घराण्यातील. त्यांचा जन्म झाशीजवळचा आणि शिक्षण काशीचे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व पंडितांपुढे पंडितांच्याच भाषेत मांडले होते. त्याला तीन पंडितांनी उत्तरे दिली. पहिले ‘सोमनाथ’ या नावाने आले. तो लेखक म्हणजे सीहोरचे सुबाजी बापू होत असे मानले जाते. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचे. तिसरे, आणि विचाराच्या दृष्टीने सर्वांत भेदक, तरुण नीलकंठशास्त्र्यांचे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४-४५). त्यावेळी त्यांचे वय विशीच्या आसपास होते.

या ग्रंथातील मुख्य आक्षेप आजही जुने झालेले नाहीत. पूर्वजन्म आणि कर्म ही मानली नाहीत, तर जन्मतःच अंध किंवा रोगी असणाऱ्या बालकाच्या दुःखाचे कारण काय सांगणार? ज्यांना पापपुण्याचा विवेकच नाही त्या पशूंच्या यातनांचे समर्थन कसे होणार? मर्यादित आयुष्यात घडलेल्या मर्यादित पापाला अनंत नरक हे शासन न्यायी देवाला शोभते काय? या प्रश्नांबरोबर शास्त्र्यांनी एक पद्धतीविषयक मुद्दाही मांडला आहे. शास्त्राचे रहस्य श्रद्धेवाचून उलगडत नाही, आणि केवळ तर्काने परक्याच्या शास्त्राचे दोष काढणे सोपे असते. तोच तर्क स्वतःच्या शास्त्राला लावला तर तेही उभे राहत नाही. म्यूर यांनी तर्काला पंच नेमले होते. शास्त्र्यांनी त्या पंचाच्या अधिकारावरच बोट ठेवले.

हा ग्रंथ लिहून तीन-चार वर्षे होतात न होतात तोच, १८४८ मध्ये, शास्त्र्यांनी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. पुढे १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. सांख्य, न्याय, वेदान्त इत्यादी दर्शनांचे आतून परीक्षण करणारा हा ग्रंथ पूर्वपक्षाच्या प्रामाणिक मांडणीचा नमुना आहे. पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या तीन सत्तांच्या कल्पनेवर त्यांनी घेतलेले आक्षेप ज्याला मान्य नाहीत अशा वेदान्त्यालाही हे कबूल करावे लागेल, की आपले मत येथे विकृत करून सांगितलेले नाही. मिशनऱ्यांच्या ग्रंथांत आणि या ग्रंथात मुख्य भेद हाच आहे.

तथापि त्यांच्या लेखनाची खरी कसोटी दुसरीकडे लागते. विशीत विचारलेल्या स्वतःच्या प्रश्नांचे त्यांनी पुढे काय केले? अनंत शिक्षेचा प्रश्न त्यांना सुटला नाही. १८६८ मध्ये, म्हणजे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’नंतर सुमारे पाव शतकाने, त्यांनी याच विषयावरील आक्षेपांची चर्चा करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की मानवी बुद्धीला ईश्वरी न्यायाचे माप घेता येत नाही. जे प्रकट झाले आहे ते नम्रतेने स्वीकारावे. येथे समीक्षकाला थांबावे लागते. तर्काच्या मर्यादेचा जो आधार तरुण शास्त्र्याने वेदशास्त्रांसाठी घेतला होता, तोच आधार प्रौढ धर्मगुरूने पवित्र शास्त्रासाठी घेतला आहे. धर्म बदलला, पण श्रद्धा आणि तर्क यांच्या संबंधाविषयीची भूमिका फारशी बदलली नाही.

याला कोणी विसंगती म्हणेल. खरे पाहता हीच त्यांच्या लेखनातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे. गोऱ्ह्यांच्या उत्तराने आक्षेप नाहीसा होत नाही. तो आक्षेप घेऊनही मनुष्य श्रद्धेत कसा उभा राहू शकतो एवढेच त्यातून दिसते. सी. ई. गार्डनर यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चरित्रावरून दिसते, की शंकांनी त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. बोदवडच्या विद्यार्थ्याने ‘निरपराधाला दुःख का’ असे विचारले, तर त्याला १८४४ चा प्रश्न आणि १८६८ चे उत्तर ही दोन्ही एकत्र दिली पाहिजेत. त्यांतील एकच देणे ही त्याची आणि गोऱ्ह्यांची दोघांचीही फसवणूक होईल.

५

गोऱ्ह्यांचे मुख्य लेखन संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी या भाषांत झाले. मराठीत हे कार्य अविरत केले ते बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी. बेळगावात जन्मलेल्या आणि तेथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाची ग्रंथसंपदा शंभराच्या घरात जाते. त्यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण म्हणून सर्वश्रुत आहे. त्यांनी लिहिलेल्या पुस्तिका आणि टीकाग्रंथ यांनी मराठी ख्रिस्ती समाजाची दोन पिढ्यांची गरज भागविली.

पदमनजींची मराठी स्वच्छ, घरगुती आणि चपळ आहे. शास्त्र्यांच्या परिभाषेत अडकलेला वाद त्यांनी सामान्य वाचकाच्या ओसरीवर आणून बसविला, हे त्यांचे मोठे कार्य. परंतु त्यांच्या वादलेखनातील प्रतिपक्षी पुष्कळदा लवकर निरुत्तर होतो. संवादातील हिंदू पात्राच्या तोंडी त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा क्वचितच पडतो. मिशनच्या पुस्तिकांना विशिष्ट आकार आणि विशिष्ट वाचक असे. त्या चौकटीत पूर्वपक्षाला फारशी जागा उरत नसे, हे लक्षात घेऊनही ही उणीव जाणवते.

म्हणूनच ‘अरुणोदय’ (१८८८) या त्यांच्या आत्मचरित्राचे मोल वेगळे ठरते. परमहंस सभेतील वावर, घरच्या माणसांचा ओढा, सत्य पटूनही पाऊल न उचलणे, पुन्हा पुन्हा मागे फिरणे, हे सर्व त्यांनी या पुस्तकात लिहिले आहे. पुस्तिकांत जे पात्र झटपट निरुत्तर होते ते येथे स्वतः लेखकच आहे, आणि तो सहजासहजी निरुत्तर होत नाही. एकाच लेखकाच्या दोन प्रकारच्या लेखनातील हा फरक प्रस्तुत विवेचनाच्या प्रतिपाद्याला पुष्टी देणारा आहे.

६

गोऱ्हे आणि पदमनजी यांच्या पुढच्या पिढीत प्रश्न विचारण्याचे कार्य स्त्रियांकडे आले, आणि त्याबरोबर प्रश्नांचे स्वरूपही पालटले. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांची बौद्धिक खात्री पटविण्यात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा हात होता. परंतु बाप्तिस्मा घेतल्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत; उलट ते अधिक तीव्र झाले. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चच्या परंपरेचा अधिकार आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी यांविषयी सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार हा शंकासमाधानाच्या वाङ्मयातील अपूर्व दस्तऐवज आहे. बील या शिक्षिकेने विचारांना विचारांनी उत्तर देण्याचा यत्न केला. सिस्टर जेराल्डिन यांचा भर आज्ञाधारकतेवर होता. प्रश्नकर्तीला कोणत्या उत्तराने धीर आला आणि कोणत्या उत्तराने ती दुरावली, हे पत्रांच्या क्रमावरून कळते. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ पत्रे इंग्रजीत आहेत. मराठी स्त्रीने विचारलेले ख्रिस्ती धर्मावरील सर्वांत अवघड प्रश्न मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीतून वाचावे लागावेत, ही या विषयातील मोठीच अडचण होय.

रमाबाईंनी उत्तरायुष्यात बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. प्रचलित भाषांतराची मराठी खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजत नाही, हा या उद्योगामागील विचार होता. शंकेचे समाधान होण्यापूर्वी शंकेचा विषय समजला पाहिजे, हे ज्यांनी ओळखले त्यांत रमाबाईंचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) याच वाटेवरचे आहे.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा मार्ग वादाचा नव्हता. १८९३ मध्ये आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले, आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. परंतु त्यांच्या निर्णयाने निर्माण झालेले प्रश्न सोसले ते लक्ष्मीबाईंनी (१८६८-१९३६). त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्रैक्याची किंवा प्रायश्चित्ताची चर्चा केलेली नाही. नवऱ्याने धर्म सोडला तर बायकोने कोठे जावे, एका छपराखाली दोन चुली कशा चालवाव्यात, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, असे तेथील प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतली नाहीत. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, ही गोष्ट त्यांना रोजच्या व्यवहारातून उमगत गेली, आणि मग १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. शंका येण्यापासून ती फिटेपर्यंतचा काळ किती लांब असू शकतो, हे मराठीत इतक्या निर्मळपणे अन्यत्र आलेले नाही.

याच घरात खानदेशचा एक मुलगा राहिला. धरणगावी १८९० मध्ये जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना, म्हणजे बालकवींना, टिळकांनी अहमदनगरास आपल्या घरी पुत्रवत् ठेवून घेतले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातील त्यांच्या जागेला बाध आला नाही. शंकासमाधानाच्या ग्रंथांत या गोष्टीला स्थान नसेल; परंतु ‘तुमच्या प्रेमाचे मोल धर्मांतर आहे काय’ हा जो प्रश्न मिशनच्या प्रत्येक उपकारामागे विचारला गेला, त्याला या घराने कृतीने उत्तर दिले होते. १९१८ मध्ये जळगावजवळील भादली येथे रेल्वेखाली बालकवींचा अंत झाला. तोच लोहमार्ग पुढे भुसावळवरून बोदवडकडे जातो.

७

खानदेशात आणि वऱ्हाडात हा प्रश्न केवळ काव्यात्म नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेची ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था वऱ्हाडात आणि लगतच्या पूर्व खानदेशात, तर स्कँडिनेव्हियन मिशनरी पश्चिम खानदेशातील भिल्ल समाजात कार्य करू लागले. हाच १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांचा काळ. अनाथ मुले मिशनांच्या आश्रयाला गेली, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला. विल्सन आणि मोरभट यांच्या वादात या प्रश्नाला जागाच नव्हती. तेथे दोन पंडित दोन शास्त्रांविषयी बोलत होते. येथे भाकरी आणि श्रद्धा यांच्या संबंधाविषयी विचारणा होत होती.

हा प्रश्न पुढे शासनदरबारी गेला. १९५४ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली, आणि तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. वऱ्हाडचे जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते, बोदवड मात्र मुंबई राज्याच्या पूर्व खानदेश जिल्ह्यात. म्हणजे शेजारचे मलकापूर चौकशीच्या प्रदेशात आणि बोदवड तिच्या बाहेर, अशी स्थिती होती. समितीने दीर्घ प्रश्नावली प्रसृत केली, मिशनांच्या पद्धतींवर कडक टीका केली, आणि ख्रिस्ती संस्थांनी तिचे निष्कर्ष अमान्य केले. अहवालाच्या निर्णयांविषयी मतभेद राहणारच. परंतु वाङ्मयाच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट आहे. प्रश्न विचारणारा आता शिष्य, शास्त्री किंवा साधक नसून शासन होते, आणि अशा प्रश्नाला भक्ताच्या भाषेत उत्तर देता येत नाही.

याहून खोल जाणारा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारला. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरितांची स्थिती या विषयांवरील त्यांचे दोन इंग्रजी निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. मिशनांच्या सेवाकार्याची दखल घेऊनही त्यांनी विचारले, की ख्रिस्ती झाल्यावरही जातिभेद चर्चमध्ये का शिल्लक राहिला, आणि धर्मांतरिताला आपल्यावरील अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ या धर्मशिक्षणाने का दिले नाही. १९५६ मध्ये नागपुरास त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्या निर्णयाचा विचार करताना हे निबंध वगळता येत नाहीत. बोदवडच्या विद्यार्थ्याचा चौथा प्रश्न तो हाच. पदमनजींच्या पुस्तिकांत त्याचे उत्तर नाही, कारण त्यांचा प्रतिपक्षी बहुधा उच्चवर्णीय सुशिक्षित होता. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात त्याचा आरंभ आहे, परंतु तोही ब्राह्मण घरातून बाहेर पडणाऱ्या स्त्रीच्या बाजूने आहे. ज्याच्या हातचे पाणी वर्ज्य होते त्याच्या बाजूचे बळकट लेखन शोधावयाचे तर आंबेडकरांकडेच जावे लागते, आणि ते ख्रिस्ती मंडनाचे लेखन नाही. पूर्वपक्ष येथे पूर्ण सामर्थ्याने उभा आहे. उत्तरपक्ष लिहिणाऱ्याने त्याच्या तोलाचे काही लिहिले पाहिजे.

८

या परीक्षणावरून विद्यार्थ्यासाठी काही निष्कर्ष काढता येतात. ख्रिस्ती मराठी ग्रंथांचा आढावा घेण्यासाठी गंगाधर मोरजे यांचा ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रारंभी उपयुक्त आहे. तथापि ग्रंथांची यादी हाती आली म्हणजे मार्गदर्शन झाले असे नव्हे. प्रत्येक ग्रंथ उघडताना प्रथम हे पाहावे, की यात प्रश्न कोणी विचारला आहे, कोणाच्या भाषेत विचारला आहे, आणि उत्तरानंतर तो प्रश्नकर्ता कोठे गेला. विल्सन यांचा १८३२ चा ग्रंथ मोरभटांच्या पुस्तिकेसह, किनाऱ्यावरील वादाचा वृत्तांत ‘वेदोक्तधर्मप्रकाशा’सह, पदमनजींच्या पुस्तिका ‘अरुणोदया’सह आणि गोऱ्ह्यांचे उत्तरायुष्यातील लेखन ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’सह वाचावे. अशा जोड्या लावल्या म्हणजे त्यांतील जल्पाचा अंश आपोआप गळून पडतो आणि वाद शिल्लक राहतो.

दुसरे असे, की ज्या विद्यार्थ्याला श्रद्धेसाठी उत्तर हवे आहे आणि ज्याला केवळ अभ्यासासाठी हवे आहे, त्या दोघांची गरज येथे वेगळी राहत नाही. खोटा पूर्वपक्ष श्रद्धावंताला अधिक घातक असतो. कारण पुस्तकात सहज हरलेला प्रतिपक्षी बाहेरच्या जगात भेटतो तेव्हा तितका दुबळा नसतो, आणि तेव्हा पुस्तकाबरोबर श्रद्धाही ढासळते. गोऱ्हे, रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनाने हा धोका टळतो, कारण तेथे प्रतिपक्षी लेखकाच्याच अंतःकरणात आहे आणि त्याला हाकलून देण्यात आलेले नाही.

तिसरी गोष्ट विद्यापीठांच्या विभागांनी करावयाची आहे. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ संस्कृतात, रमाबाईंची पत्रे इंग्रजीत, आंबेडकरांचे निबंध इंग्रजीत, अशी या विषयातील उत्तमोत्तम प्रश्नांची स्थिती आहे. उत्तरे मात्र मराठीत विपुल आहेत. हे प्रश्न टीपांसह सुबोध मराठीत, एका ग्रंथात, एकमेकांशेजारी मांडले जातील, तर असा ग्रंथ बोदवडच्या ग्रंथालयातील फळीवर ठेवण्यायोग्य होईल. ज्या भागाच्या बोलीत बहिणाबाई चौधरींनी जन्ममरणाचे कठीण प्रश्न ओवीत मांडले, तेथील वाचकाला प्रश्नाच्या काठिण्याचे भय वाटण्याचे कारण नाही. तो प्रश्न मात्र त्याच्या भाषेत आणि पूर्ण बळानिशी त्याच्यापुढे आला पाहिजे.